साहेब पाणी पीत नाही

बाई जिना उतरताना कठडा धरायच्या, आणि धरण्याआधी तो हलतोय का ते बघायच्या. गॅस बंद केला की दाराशी जाऊन परत यायच्या, पुन्हा एकदा बटण चाचपायच्या. काही माणसं ताकसुद्धा फुंकून पितात. बाई ताक प्यायच्याच नाहीत, उगाच घसा धरायचा.

पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून त्या कवळ्या बनवायच्या. डॉक्टर पुढच्या खोलीत रोग्याच्या जबड्याचं माप घेत, ते माप मागे बाईंकडे येई. मग त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात. दिवसभर त्या तोंडाची कामं करायच्या, पण माणसाचं तोंड कधी त्यांच्यासमोर यायचं नाही. त्यांना ते बरं वाटायचं. प्लास्टरचा जबडा चावत नाही.

त्यांचा थोरला भाऊ, दादा, अगदी उलटा. तो गोदीत क्रेन चालवायचा. खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतील इतक्या उंचावर एका काचेच्या पेटीत बसून त्यानं आयुष्य काढलं. "घरातली सगळी भीती छोटीनं घेतली," तो चारचौघांत सांगायचा, "माझ्या वाटणीला काही उरलीच नाही." बाई हसायच्या. दादाचं सगळंच त्यांना मान्य असायचं.

वहिनी गेल्या आणि दादा निवृत्त झाला, त्याच सुमाराला त्यानं कुत्रा आणला. तपकिरी, धिप्पाड, एक कान पडलेला, जबडा असा की बघूनच बाईंनी दाराआड व्हावं. दादानं त्याचं नाव ठेवलं साहेब. "आयुष्यभर साहेब लोकांनी मला ऊठ म्हटलं की उठलो, बस म्हटलं की बसलो. आता मी म्हणणार." आणि खरंच, पाहुणे आले की तो मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचा, "साहेब, खाली बस!" साहेब बसायचा. दादा समाधानानं मिशीवरून हात फिरवायचा.

त्या मोठ्या आवाजालाच पुढे घरघर लागली. सर्दी आहे, धूळ आहे, वय आहे, असं म्हणत दादानं कितीतरी महिने घालवले. शेवटी त्याची मुलगी आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन मुलीच्या गावी करायचं ठरलं. नंतर काही आठवडे तोंडातून एक शब्दही काढायचा नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी दादा साहेबाला घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"छोटे, तुझ्याशिवाय कोण आहे मला?" त्याचा आवाज कौलावरून पत्रा ओढल्यासारखा येत होता.

"दादा, तुला माहीत आहे ना, मला कुत्र्यांची..."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आणला. न घाबरणारी माणसं निष्काळजी असतात. मला बघ."

बाईंनी साखळी हातात घेतली, ती मेलेल्या सापासारखी, दोन बोटांत धरून.

पहिले काही दिवस त्यांनी जीव मुठीत धरूनच काढले. साहेबाचा भात त्या झाडूच्या दांड्यानं पुढे सरकवायच्या. झोपायच्या खोलीला आतून कडी लावायच्या. सकाळी दार उघडलं की तो उंबऱ्यावरच पसरलेला असे. मग बाई खुर्ची ढालीसारखी पुढे धरून मोरीपर्यंत जात. साहेब डोळा किलकिला करून बघे आणि परत मिटून घेई. खालच्या मजल्यावर एक शिंपी राहायचा. बाई साहेबाला फिरवायला न्यायच्या तेव्हा तो मशीनवरून मान वर करून विचारायचा, "काय साहेब, आज बाईंना कुठवर फिरवून आणलंत?"

कामावर जाताना त्याला एकटं ठेवायची भीती, बरोबर न्यायची भीती. दुसरी जरा कमी निघाली. दाताच्या डॉक्टरांनी मागच्या अंगणात नळाशी बांधायची परवानगी दिली. अंगणाला लागून सुताराचा कारखाना होता. तिथले लाकडाचे तुकडे कुंपणातून इकडे पडायचे आणि साहेब ते कडाकडा चावत दिवस घालवायचा. खिडकीतून बाईंना त्याची पाठ दिसायची. हळूहळू असं झालं की मेणात दात बसवताना मधेच मान वर करून ती पाठ दिसली की त्यांना बरं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि मग ते पिवळं कुत्रं आलं.

सकाळची वेळ, गल्लीत दुधाची, शाळेची गडबड. समोरून एक पिवळट भटकं कुत्रं सरळ रेषेत चालत येत होतं. शेपूट खाली, मान खाली, तोंडातून लाळेची तार. डावीकडे बघत नव्हतं, उजवीकडे बघत नव्हतं. गल्लीतली बाकीची कुत्री भुंकायची सोडून बाजूला होत होती, हे बाईंच्या लक्षात आलं. साखळी ओढून भिंतीला लागायचा विचार मनात आला, तोवर ते साहेबाच्या अंगावर आलंसुद्धा. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. क्षणभर दोघांचा एक गुंता झाला, आणि बाईंच्या घशातून किंकाळी निघेपर्यंत पिवळं कुत्रं आपल्या वाटेनं निघूनही गेलं होतं, तसंच सरळ, काही घडलंच नाही असं. साहेबाच्या पडलेल्या कानावर रक्ताचा ठिपका होता.

दोन दिवसांनी शिंप्यानं बातमी आणली. "ते पिवळं मेलं. गटारापाशी पडलं होतं. पालिकेची गाडी घेऊन गेली. पिसाळलेलं होतं म्हणतात."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी भाचीला फोन लावला.

"साहेबाची इंजेक्शनं झालीत का, दादाला विचार ना गं."

"आत्या, बाबांना बोलायचं नाहीये. थांब हं." पलीकडे काहीतरी कुजबुज. "मान हलवली. हो म्हणतायत."

"हो म्हणजे कधी झाली? या वर्षी?"

"आत्या, परवा ऑपरेशन झालंय त्यांचं. का, काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "सहज."

त्याच दुपारी त्या साहेबाला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई पोरसवदा दिसत होत्या, पण हात जुन्या माणसाचे, ओरखड्यांनी भरलेले. त्यांनी कानाची जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि सरळ सांगितलं, "आधीची इंजेक्शनं वेळच्या वेळी झाली असतील तर फार काळजी नको. झाली नसतील तर आजच्या इंजेक्शनावर मी शपथ घेणार नाही. लक्ष ठेवा."

"कशावर लक्ष ठेवू?"

"पाणी पितो का. लाळ गळते का. जबडा लोंबतो का. आवाज बदलतो का. उगाच अंगावर येतो का."

घाबरट माणसाला असं सांगू नये. बाईंचा त्यानंतरचा प्रत्येक दिवस त्या पाच गोष्टींवर चालू लागला. साहेबाच्या पाण्याच्या पातेल्याला आतून त्यांनी मेण कापायच्या चाकूनं एक रेघ ओढली. सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचं, संध्याकाळी किती खाली गेलं ते बघायचं. तो पाणी प्यायला लागला की त्या हातातलं काम टाकून दारात उभ्या राहायच्या. लपक लपक आवाज. तेवढा आवाज आला की श्वास सुटायचा. साहेब भुंकला की त्या कान देऊन ऐकायच्या: कालच्यासारखाच आला ना? थोडा घोगरा होता का? जांभई दिली तरी जबडा परत मिटतो का ते बघायच्या.

असे तीनएक आठवडे गेले. जरा विसावा वाटेपर्यंत गेले. आणि एका सकाळी पातेल्यातलं पाणी रेघेवर जसंच्या तसं होतं.

बाई पातेल्याकडे बघत राहिल्या. साहेब स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या छातीचे केस ओले, चिकट. तोंड अर्धवट उघडं, आणि खालच्या ओठावरून एक तार हळूहळू फरशीपर्यंत उतरत होती.

"साहेब," बाई म्हणाल्या. त्यानं फक्त डोळे फिरवले.

नंतर त्यांनी पुष्कळदा विचार केला, की त्या क्षणी मागे फिरून दार लावायचं सोडून आपण पातेलं उचलून त्याच्या तोंडाजवळ का नेलं? भीती इतकी झाली होती की ती खोटी ठरावी म्हणूनच बहुतेक. पातेल्याची कड त्याच्या जबड्याला लागली. साहेब असा ओरडला की तो त्याचा आवाजच नव्हता, आणि बाईंच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी त्याचे दात रुतले.

त्याचं त्याच्याच लक्षात आल्यासारखं त्यानं लगेच सोडलं आणि तो मागे सरला. बाई बाहेर आल्या, दार ओढलं, कडी घातली आणि नळाखाली हात धरून साबण लावत राहिल्या. पाणी लाल, मग गुलाबी, मग पांढरं. तरी त्या साबण लावतच होत्या.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी जखमेत आणि दंडात सुया टोचल्या. जखमेतली सुई एवढी दुखली की बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कुत्रा कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या स्वयंपाकघरात."

"जिवंत आहे?"

हा प्रश्न ते रोजच विचारत असतील, हवापाण्याची चौकशी करावी तसा. पण बाईंना खुर्चीचा हात धरावा लागला.

"जिवंत आहे ना? मग ठीक. बांधून ठेवा, दहा दिवस नजरेसमोर असू दे. तेवढे दिवस धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याला काही नव्हतं असं धरायचं. आणि तुमची इंजेक्शनं मात्र तारखेला घ्यायची, एक चुकवायचं नाही. वेळेवर आलात. घाबरू नका."

घाबरू नका! बाई घरी आल्या, पेलाभर पाणी घेतलं आणि पिताना स्वतःच्या घशाकडे लक्ष देऊ लागल्या. घोट खाली उतरला. नीट उतरला का? दुसरा घोट घेतला. घशाकडे लक्ष दिलं की घसा अडतोच. तिसऱ्या घोटाला ठसका लागला आणि त्यांनी पेला दूर सरकवला. एका दिवसात काही होत नसतं हे त्यांना कळत होतं. पण कळतं डोक्याला. घशाला कोण सांगणार?

शिंप्याला बातमी लागायला वेळ लागला नाही. तो वर आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाई, राग मानू नका. माझी नात दिवसभर या जिन्यात खेळते. मी पालिकेला फोन करतो."

"ते घेऊन जातील."

"घेऊनच जायला पाहिजे."

"आणि मारतील."

शिंप्यानं खाली बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. बाईंनी त्याच्या नातीला बघितलं होतं. पायऱ्यांवर बाहुलीला झोपवायची. तिच्या जागी आपली कुणी असती तर आपण यापेक्षा आधी फोन केला असता, हेही त्यांना माहीत होतं.

"उद्या सकाळपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "कडी आहे. मी दारातच बसते."

"उद्या सकाळी," शिंपी म्हणाला, आणि जाताना खालून जिन्याचं दार लावल्याचा आवाज आला.

बाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. बिजागरीच्या बाजूला दाराला बोटभर फट होती, तिथून आतलं दिसायचं. संध्याकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या, बाबा बरे आहेत. गाठीचा तुकडा पुन्हा मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलाय, तो रिपोर्ट अजून यायचाय, तोवर जीव टांगणीला. ऐक ना, ते सकाळपासून खुणा करतायत, साहेब कसा आहे म्हणून. मी फोन त्यांच्या कानाला लावते. त्याला जरा भुंकायला लाव ना. आवाज ऐकला की बरं वाटेल त्यांना."

पलीकडून दादाचा श्वास ऐकू यायला लागला. जड, खरखरीत, वाट बघणारा. इतक्या वर्षांत दादा फोनवर असून गप्प आहे असं कधी झालं नव्हतं.

"दादा," त्या म्हणाल्या, "झोपलाय रे तो. फिरून दमला आज. आता कशाला उठवू?"

श्वास थोडा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"तू बरा हो लवकर. इकडे सगळं ठीक आहे. खातोय, पितोय..." पितोय म्हणताना त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

फटीतून त्यांनी पाहिलं. साहेब उठला होता. तो पातेल्यापाशी गेला. पाण्याला घाबरून मागे सरत नव्हता, उलट नाक पार पाण्याला लावून उभा होता. जीभ बाहेर काढली, एकदा पाण्यात बुडवली, आणि कळवळून मान झटकली. मग उजवा पंजा उचलून जबड्यावरून ओढला. पुन्हा ओढला. गाल फरशीवर घासला. परत पाण्याकडे गेला. त्याला पाणी हवं होतं. तहानेनं त्याचा जीव चालला होता, आणि प्यायलाच येत नव्हतं.

बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून हे सगळं सांगितलं, जमेल तसं.

"पंजा एकाच बाजूला नेतोय?"

"हो. उजव्या."

"तोंडात काही अडकलेलं असू शकतं. किंवा तोच रोग असू शकतो. ऐका, त्या रोगातही घसा लुळा पडतो, आणि मालकाला वाटतं हाड अडकलंय. तो प्रेमानं हात घालतो. अशी माणसं मी बघितली आहेत. तुम्ही हात घालायचा नाही. उद्या सकाळी पहिल्यांदा तुमच्याकडे येते."

सकाळी त्या आल्या तेव्हा कोपरापर्यंत जाड हातमोजे, चेहऱ्यावर पारदर्शक पडदा. शिंपी हातात फोन घेऊन जिन्याच्या वळणावर उभा. डॉक्टरीणबाईंनी फटीतून आत बघितलं.

"मोकळाच आहे? साखळी नाही?"

"घरात काढूनच ठेवते. चावल्यावर परत अडकवायचा धीर झाला नाही," बाई म्हणाल्या.

"मग अडचण आहे. त्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं तर तो एका जागी धरला पाहिजे. गळ्यात पट्टा आहे, त्याला साखळी अडकवून दुसरं टोक या फटीतून बाहेर काढायचं. बाहेरून ओढलं की तो दाराला चिकटेल, मला मागून सुई देता येईल. पण अडकवायला कुणीतरी आत जायला हवं. मी अनोळखी, मी गेले तर तो उसळेल. पालिकेची माणसं काठीचा फास घालतात, पण ती तपासत बसत नाहीत." त्या थांबल्या. "तुमची इंजेक्शनं सुरू झालीत हे खरं. पण जा असं मी तुम्हाला म्हणणार नाही."

शिंपी वरच्या पायरीवर आला. "बाई, नका जाऊ. जनावर आहे ते. भावाला काय, दुसरा कुत्रा मिळेल."

बाईंनी पलंगावरचं जाड ब्लँकेट आणलं आणि डाव्या हाताला गुंडाळून घेतलं. मग लक्षात आलं की उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, त्या हातानं साखळीचा आकडा उघडणार नाही. ब्लँकेट सोडलं, उजव्या हाताला गुंडाळलं. या उलटापालटीत एवढा वेळ गेला की डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "राहू दे का?"

"नको," बाई म्हणाल्या. "थांबले तर जाणार नाही."

त्या आत गेल्या आणि मागे दार लोटलं गेलं.

साहेब कोपऱ्यात उभा होता. मान खाली, तोंडातून तार लोंबत असलेली, आणि त्या तारेत आता रक्ताचा लालसर धागा होता. अगदी त्या पिवळ्या कुत्र्यासारखा दिसत होता. बाईंना वास आला, कुजलेला, गोडसर. त्यांना दादासारखं मोठ्यानं "साहेब, खाली बस" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "बसतोस का रे? बस ना. मला पण बसायचंय."

साहेबानं त्यांच्याकडे बघितलं. मग त्याचे मागचे पाय वाकले आणि तो बसला.

बाई एकेक पाऊल टाकत जवळ गेल्या. त्याच्या घशात गुरगुर सुरू झाली, बारीक, उकळायला लागलेल्या पाण्यासारखी. पट्ट्याची कडी त्याच्या मानेमागे गेली होती. बाईंनी ब्लँकेटचा हात त्याच्या तोंडासमोर धरला आणि डाव्या हातानं केसांत चाचपलं. आकडा एकदा निसटला. पुन्हा निसटला. रोज मेणात दात बसवणारी बोटं, पण आज ती दुसऱ्याच कुणाची तरी होती. गुरगुर वाढली. बाई काहीतरी बडबडत होत्या, दादा येतोय, रिपोर्ट चांगला येणार आहे, पाणी देते तुला, गार पाणी देते. खट् आवाज झाला. लागला आकडा.

साखळीचं टोक फटीतून सरकवलं तेव्हा पलीकडून कुणीतरी ते घट्ट धरलं. शिंप्यानं. "सोडा बाई, धरलंय मी! ओढतो!" साहेब दाराकडे खेचला गेला, पंजे फरशीवर घसरले, तो भयंकर ओरडला. बाईंनी अर्धवट उघडलेल्या दारातून डॉक्टरीणबाई आत घुसल्या, त्याच्या मांडीत सुई गेली आणि त्या तशाच मागे झाल्या. मग सगळे ओरडणं थांबायची वाट बघत उभे राहिले. साहेबाचं डोकं हळूहळू खाली आलं.

डॉक्टरीणबाईंनी जबडा उघडून आत बॅटरी मारली. बाई ओट्याला टेकून डोळे मिटून उभ्या होत्या. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणजे निदान अजून थोडा वेळ.

"बघा इकडे."

वरच्या दाढांच्या मधे, टाळूवर आडवी, लाकडाची एक कपची घट्ट बसली होती. उजवीकडचं टोक हिरडीत शिरून सगळं सडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं ती हलवली, पुन्हा हलवली, आणि ओढून काढली. बोटाएवढीसुद्धा नव्हती.

"म्हणजे पिसाळलेला नाही?" दारातून शिंप्यानं विचारलं. साखळी अजून त्याच्या मुठीत आवळलेली होती.

"ही लाळ लाकडाची आहे. त्या पिवळ्या कुत्र्याचं मात्र मी आज काही सांगू शकत नाही. आधीची इंजेक्शनं झाली असतील तर बरं. काही महिने कुणाच्या जवळ जाऊ द्यायचा नाही. नजर ठेवायची."

हसावं की रडावं हे बाईंना कळेना, म्हणून त्या फरशीवर बसल्या. साहेब शुद्धीवर यायला दुपार झाली. तो धडपडत उठला, भिंतीला आपटला, पातेल्यापाशी पोचला आणि प्यायला. पीतच राहिला. पातेलं रिकामं झालं तरी तळ चाटत होता.

शिंप्यानं पालिकेला फोन केला नाही. पण दोन दिवसांनी जाड कापडाचं एक मुसकं शिवून आणलं. "हे घातल्याशिवाय जिन्यात आणायचा नाही. शिलाई दुहेरी मारलीय."

दहा दिवस झाले आणि साहेब धडधाकट होता. त्या रात्री बाई खूप दिवसांनी सलग झोपल्या. पण इंजेक्शनं त्यांनी सगळी घेतली, एकही चुकवलं नाही.

दादाची गाठ वाईट नव्हती. तो परत आला तेव्हा मात्र आवाज म्हणून काही उरला नव्हता, नुसती कुजबुज. बाईंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, फोनवरच्या खोट्यासकट. दादा ऐकत होता आणि त्याचा रंग उतरत होता.

"छोटे," तो कुजबुजला, "या वर्षीचं इंजेक्शन राहिलं होतं. मागच्या वर्षीचंही. तुझी वहिनी असती तर आठवण केली असती."

"मग तू मान का हलवलीस? हो म्हणून?"

"मान हो म्हणायला हलते, नाही म्हणायला हलते. 'राहिलंय' म्हणायला कशी हलवायची?"

बाईंना राग यायला हवा होता. पण दादानं त्यांचा उजवा हात ओढून घेतला, अंगठ्यावरचा वण बोटानं चाचपला आणि पुन्हा एकदा चाचपला.

"आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली नजर ठेवायची मुदत संपेपर्यंत तुम्ही दोघं इथेच राहा," बाई म्हणाल्या.

ते सगळे महिने दोघं भावंडं मिळून घाबरली. सकाळी बाई उठायच्या त्याआधी दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा असायचा. साहेब पाणी प्यायला की तो काही न बोलता चहा टाकायचा. एखाद्या दिवशी साहेब उशिरा उठला की चहाही उशिरा व्हायचा. कधी साहेब नुसता शिंकला तरी दोघं एकमेकांकडे बघायची, आणि कोण आधी बोलतंय याची वाट बघायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी साहेबाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "सुटलात." दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीनं दादा त्याला घेऊन घरी गेला. शिंप्याच्या नातीनं खिडकीतून हात हलवला.

संध्याकाळी बाईंनी फोन लावला.

"पोचलात? पाणी प्यायला का?"

पलीकडे थोडी खरखर झाली. मग कुजबुज आली, "कोण? मी की साहेब?"

"दोघंही सांग," बाई म्हणाल्या.